जांभळाची चौथी बाजू

तळवलीत खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आम्हांला खुर्च्या दिल्या आणि स्वतः मात्र बोलता बोलता जिना झाडायला घेतला. मी नवऱ्याकडे बघितलं. भाडेकरूंसमोर जिना झाडणारा घरमालक आम्ही देशावर तरी पाहिला नव्हता. चार मजली इमारत, खाली दुकानांचे गाळे, गळ्यात सोन्याची जाडजूड साखळी आणि हातात खराटा. “पानी चांगला हाय, गच्चीवर कपरे सुकवा, कुत्रा पालू नका,” असं एकेक पायरी उतरत ते सांगत होते. तळाशी पोचल्यावर वर बघून ओरडले, “मंग? ठरला का नाय?” ठरवावंच लागलं. नकार द्यायचा तरी त्यांच्या मागे धावत जावं लागलं असतं.

हसुराम त्यांचं नाव. गाव त्यांना हसूशेठ म्हणायचा, मी काका म्हणायची. आता आम्ही कामोठ्याला राहतो, पण तळवलीची आठवण निघाली की आधी काकाच येतात, आणि येतात ते चालतच. हा माणूस जेवायचा उभ्याने. चहा प्यायचा तो गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि टाकीपासून गेटपर्यंत. लग्नाच्या पंगतीत पान मांडलं की ते वाढप्याच्या हातातून बादली काढून घेत आणि स्वतःच वाढत सुटत. घरी आलेल्या पाहुण्याला “बसा” म्हणत आणि पाहुणा बसला की स्वतः बाहेर. पाहुणा बिचारा भिंतीवरच्या घड्याळाशी गप्पा मारत राहायचा.

पदूकाकी, त्यांची बायको, यावर मनसोक्त हसायची. “याना बसवून दाखव बाय,” ती मला म्हणायची, “मी तुना रोज मासली खिलवीन.” मी प्रयत्न करून पाहिला. एकदा सत्यनारायणाला पाटावर बसवायचा घाट घातला, तर काका म्हणाले, पूजेला निलेश बसेल, मी केळीचे खांब आणतो. केळीचे खांब आधीच बांधून झाले होते. तरी ते गेले आणि आणखी दोन घेऊन आले.

निलेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. सीबीडीत वकिली करायचा, स्वभावाने बापाच्या बरोबर उलटा. प्रत्येक गोष्ट विचार करून, बसून, शांतपणे. बापलेकाचं भांडण असं कधी झालं नाही, कारण भांडणासाठी दोघांनी एका ठिकाणी असावं लागतं.

या सगळ्यात चेनसॉ आली. आमच्या गेटवर गुलमोहराची फांदी पडली म्हणून काकांनी एक झाड कापणारा माणूस बोलावला होता. त्याने दोरी ओढली, मशीन किंचाळली, आणि फांदीचे बघता बघता तुकडे झाले. काकांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं ते मी दुसऱ्या मजल्यावरून पाहिलं आणि मनात म्हटलं, झालं आता कल्याण. आठवडा गेला नाही तोच त्यांची स्वतःची मशीन आली. गावात तिला कटर म्हणायचे. काकांनी सुकलेला नारळ कापला, शेजाऱ्याच्या शेवग्याला हात घातला, मोडकं बाक कापलं, आणि एक दिवस काकीचा मासे कापायच्या विळीचा पाट सापडेना. तो कुठे गेला हे कुणी विचारलं नाही.

माझ्या नवऱ्याची तळोज्याला कंपनीत रात्रपाळी. दिवसा त्याला झोप हवी आणि दिवसा खाली हा आवाज. मी तणतणत खाली गेले. काकांनी मशीन बंद न करताच ऐकून घेतलं, म्हणजे ऐकलंच नाही. मग बंद केलं आणि म्हणाले, “म्याडम, खिरकी लावून घ्या. मना थांबता नाय येत.”

मला तेव्हा तो निव्वळ उद्धटपणा वाटला. मी वर येऊन खिडकी जोरात आपटली.

एका सकाळी काका अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत गावातून चालत घरी आले. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. सलूनच्या खुर्चीतून मध्येच उठून आले होते. गावात हशा पिकला. हसूशेठला दाढीपुरतंसुद्धा बसवत नाही! दुपारी मी काकीजवळ ओट्यावर बसून त्याच गोष्टीवर हसत होते. काकी कोलंबी सोलत होती. तिचा हात थांबला.

“चादरीमुले उठले,” ती म्हणाली.

मला कळेना. सलूनवाला गळ्याभोवती बांधतो ती चादर? त्या चादरीचं काय?

“चादरीच्या खाली हात हालतो. मंग वरची चादर हालते. आरशात सगल्याना दिसते.” तिने कोलंबीची साल बाजूला टाकली. “डाक्टर बोलला कंपवात हाय. बसले का हात हालतो. काम करताना नाय हालत. म्हनून बसत नाय ते, बाय.”

म्हणजे सुरुवातीपासून ते असेच चळवळे होते हे खरं, काकीनेच सांगितलं की नवरदेव असताना बोहल्यावरून उतरून त्यांनी मांडवाची कनात घट्ट केली होती. पण गेली दोनेक वर्षं तो स्वभाव त्यांच्या कामी आला होता. ज्या माणसाला सगळा गाव न बसणारा म्हणूनच ओळखतो, तो का बसत नाही असं कोण विचारणार?

काकीने मला बजावलं. निलेशला कळू द्यायचं नाही. कळलं तर तो आधी कटर काढून घेईल, आणि ते चूक आहे असंही तिला म्हणता येत नव्हतं. “पन ती तुलई होऊ दे आधी,” ती म्हणाली. “एकदा ती झाली का मीच सांगीन निलेशला.”

ती तुळई म्हणजे गावदेवीची. देवळासमोर सिमेंटच्या दोन खांबांवर एक लोखंडी तुळई होती आणि तिला मोठी घंटा. खाडीच्या वाऱ्याने लोखंड खाऊन टाकलं, पापुद्रे पडायला लागले, तेव्हा घंटा उतरवून गोणपाटात बांधून ठेवली. नवीन लोखंडी तुळई टाकायचं ठरत होतं. त्याच सुमारास देवळाजवळचं जांभळाचं झाड वाळलं आणि रीतसर परवानगी काढून ते पाडायला माणसं आली. ती आपल्या सवयीने बुंध्याचे तुकडे करायला निघाली, तर काका बुंध्यावर चढून उभे राहिले. “झार पारला ना? झाला तुमचा काम. तुकरे नाय करायचे.” लोखंडावर घंटा बोंबलते, लाकडावर बोलते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरं की खोटं मला माहीत नाही. पण ते इतक्या वेळा आणि इतक्या लोकांना चालता चालता सांगून झालं की शेवटी गावच कंटाळून हो म्हणाला.

तळोज्याच्या सलीमभाईंचं मत मात्र वेगळं होतं. सलीमभाईंची जुनी लाकडाची वखार, आणि काकांशी तरुणपणापासूनची दोस्ती. दोघांनी कबड्डीत एकमेकांच्या तंगड्या ओढलेल्या. ते आले, बुंध्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “हसू, पागल झालास काय? क्रेन बोलव, ट्रकमधी टाक, माझ्या वखारीत आन. तू चाय पिईपरेंत मशीन त्याला चौकोनी करून देईल.”

“मंग कापील तुझा मशीन,” काका म्हणाले. “मी काय करू? बघत बसू?”

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी काकीकडे बघितलं, आणि काकी देवळाच्या कळसाकडे बघायला लागली.

चेनसॉने झाड पाडतात, तुकडे करतात, हे मला ठाऊक होतं. पण आडव्या पडलेल्या बुंध्याला लांबीच्या दिशेने कापून चौकोनी तुळई करायची म्हणजे वेगळंच प्रकरण. काकांनी ते मोबाइलवर पाहिलं होतं, अर्थात चालता चालता. मशीनच्या पात्याला एक लोखंडी चौकट लावायची. ती चौकट सपाट जागेवरून सरकत गेली की पातं खाली तेवढ्याच खोलीवर सरळ कापत जातं. पण झाडाचा बुंधा गोल, त्याच्यावर पहिली सपाट जागा आणायची कुठून? काकांनी इमारतीच्या रंगकामाची ॲल्युमिनियमची शिडी आणली आणि स्क्रूने बुंध्यावर आडवी ठोकून टाकली. शिडीवरून चौकट सरकली आणि पहिली बाजू उतरली. त्या शिडीला पडलेली भोकं नंतर प्रत्येक रंगाऱ्याने काकीला दाखवली.

काम महाभयंकर सावकाश चालायचं. वीतभर पुढे जायला मशीन घसा फोडायची, तांबूस भुसा काकांच्या केसांत, भुवयांत, साखळीच्या कड्यांत बसायचा. आणि मी बघितलं की काकीचं म्हणणं खरं होतं. मशीन हातात असली की त्या हातात कसली चूक नव्हती. उलट थरथरत असायची ती मशीन, आणि तिच्याबरोबर सगळ्यांचेच हात हलले असते. लपायला यापेक्षा चांगली जागा त्यांना मिळाली नसती.

एकदा चेनला घालायचं तेल संपलं. दुकानापर्यंत जाऊन यायचा धीर कुणाला? काका घरी गेले आणि काकीने बोंबील तळून उरलेलं तेल किटलीतून घेऊन आले. चेन तापली तसा देवळाच्या आवारात तळलेल्या बोंबलांचा घमघमाट सुटला. सीबीडीच्या ऑफिसातून दमून परतताना मला तो वाटेतच आला आणि भूक खवळली. पुजारी नाकाला उपरणं लावून बाहेर आले आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत पुन्हा आत गेले. “देवीला चालतंय,” काका त्यांच्या मागून ओरडले. “तिला कवा कोंबरा चालतो, तर बोंबलाचा काय?”

दुसरी बाजू कापताना मात्र खडखडाट झाला, ठिणग्या उडाल्या आणि चेन बोथट झाली. आत खिळा होता. तो काढला तर पुढे दुसरा. आमच्या गावात, म्हणजे मी आता त्याला आमचं म्हणते, कुणाचा वाढदिवस असो, कबड्डीचे सामने असोत, कुणाची हळद असो की कुणाची निवड झालेली असो, पहिला बॅनर लागायचा त्या जांभळावर. दिव्यांच्या माळा त्याच्यावर, लाउडस्पीकर त्याच्यावर. खिळे तसेच राहायचे आणि झाड वाढत वाढत त्यांना गिळून टाकायचं. लोखंडाभोवती जांभळाचं लाकूड निळंकाळं पडलं होतं. कापलेल्या बाजूवर ते डाग जागोजाग दिसत होते.

सलीमभाई जुन्या स्पीकरातला लोहचुंबक घेऊन आले आणि बुंध्यावर फिरवायला लागले. तो जिथेतिथे चिकटायचा. “कोन हरामखोराने एवढे ठोकले?” ते वैतागून म्हणाले.

काका बुंध्याभोवती फिरत होते. “मीच,” ते म्हणाले. “गावात कुनाचा पन काय असला का हातोरा घेऊन मीच पहिला. तो बघ, तो खिला निलेशच्या बारशाचा असल.” आणि खो खो हसत सुटले. मग अचानक हसणं थांबवून त्यांनी पक्कड घेतली आणि खिळ्याशी झटापट करायला लागले. त्यांच्या त्या हसण्यात मला घाई ऐकू आली. काकांना दिवस कमी पडत होते, आणि ते त्यांना, काकीला आणि मला, तिघांनाच ठाऊक होतं. जेवताना घास डाव्या हाताने घ्यायला लागलेत, काकी मला जिन्यात कुजबुजून सांगायची. शर्टाचं वरचं बटण आता काकीच लावायची. मी ऑफिसातून येताना आधी देवळाकडे वळायची, किती झालं बघायला. माझ्याही जिवाला स्वस्थता राहिली नव्हती.

तिसरी बाजूही निघाली. गावदेवीची जत्रा तोंडावर आली होती. क्रेनवाला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, कारण नंतर त्याला तळोज्याला दुसरं काम होतं. चौथी बाजू कापायला घेतली आणि आतल्या कुठल्यातरी चुकार खिळ्यावर पातं आदळून चौकटीचा बोल्ट तुटला. चौकट वाकडी होऊन लटकली.

“संपला,” सलीमभाई म्हणाले. “ही बाजू राहू दे गोल. भिंतीकडे टाकू.”

काकांनी ऐकलं नाही. त्यांनी गेरूत बुडवलेली दोरी काढली, एक टोक काकीच्या हातात दिलं, दुसरं स्वतः ताणून धरलं आणि मधून उचलून सोडली. लाकडावर लाल रेघ उमटली. मग चौकट काढून टाकली आणि नुसती मशीन उचलून त्या रेघेवर धरली. सलीमभाईंनी दोन्ही हात डोक्याला लावले. बघायला गाव जमला होता, निलेशही कोर्टातून परस्पर आला होता, काळा कोट हातावर टाकून.

निम्म्याच्या जरा पुढे पेट्रोल संपलं. मशीन घुरघुरून बंद पडली. ती खाली ठेवून काकांनी उजवा हात तुळईवर टेकवला आणि दम खायला थांबले. हात थरथरत होता. कुणीतरी म्हणालं, “हसूशेठ, मशीनची थरथर अजून उतरली नाय वाटतं!” सगळे हसले. काकाही हसले. निलेशही हसला.

मग हसणं संपलं आणि हात थरथरतच राहिला. काका तो उचलतील, डोकं खाजवतील, कुणाला तरी काहीतरी आणायला पिटाळतील, असं मला वाटलं. मनातल्या मनात मी त्यांना सांगत होते, चला ना काका, चालायला लागा. पण ते पार थकले होते.

निलेश पुढे झाला. त्याने बापाच्या हातावर हात ठेवला.

“बाबा,” तो म्हणाला, “मशीन बंद हाय.”

“म्हाईत हाय,” काका म्हणाले.

“कधीपासून?”

उत्तर काकीने दिलं, मान खाली घालून, हातातली गेरूची दोरी गुंडाळत. निलेशने वाकून मशीन उचलली, आणि सगळ्यांना वाटलं, गेली. मलाही तेच वाटलं. शहाणपणाचंही तेच होतं. त्याने मशीन न्यावी आणि सलीमभाईंच्या हातात द्यावी, यात कुणी त्याला दोष दिला नसता. तो बराच वेळ ती हातात धरून उभा राहिला. एवढ्या वर्षांत त्या बापलेकांना समोरासमोर इतका वेळ उभं असलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

“हेल्मेट कुठंय?” त्याने विचारलं.

हेल्मेट खोक्यातच होतं, मशीनबरोबर आलेलं, कधी बाहेर न काढलेलं. निलेशने ते घरून आणवलं, बरोबर पायाला बांधायचं जाड कापडही. भर गावात त्याने खाली बसून बापाच्या पायांना ते बांधलं, डोक्यावर हेल्मेट चढवलं, हनुवटीखालचा पट्टा लावला. काका लहान पोरासारखे मान वर करून उभे. मग त्याने स्वतः पेट्रोल भरलं, झाकण दोनदा तपासलं आणि मशीन त्यांच्यासमोर ठेवली.

“सावकाश,” तो म्हणाला. “क्रेनवाल्याला मी थांबवतो.”

उरलेली बाजू त्यांनी कापली. रेघ एकीकडे, पातं एकीकडे. दोन-तीनदा थांबले, श्वास घेतला, हाताची मूठ उघडली-मिटली, पुन्हा दोरी ओढली. निलेश पूर्ण वेळ शेजारी उभा होता आणि काकी खांबाला धरून. शेवटची फळी सुटून खाली पडली तेव्हा टाळ्या वाजल्या, पण थोड्याच. सगळ्यांनी ती बाजू बघितली होती. बाकीच्या तीन बाजू आरशासारख्या आणि ही खालीवर, खालीवर, ओहोटीनंतरच्या चिखलासारखी.

सकाळी क्रेन आली. आम्ही त्याच महिनाअखेरीस कामोठ्याला जाणार होतो, त्यामुळे काकांना नीट पाहिलं ते मी त्या दिवशी शेवटचं. नंतर भेट झाली ती फोनवर, आणि फोन काकीच उचलायची. तुळईला पट्टे बांधले जात होते. सलीमभाईंनी आपली व्यवस्था आधीच ठरवून ठेवली होती. “ती खराब बाजू मागे, देवळाच्या भिंतीकडे. कोन बघनार नाय. तीन बाजू एक नंबर हायत.”

“ती समोर,” काका म्हणाले.

“अरे हसू, लोक काय बोलतील? एवढी मेहनत केली आन् वाकडा काम दाखवतो?”

“तीन बाजू चौकटीनं कापल्या,” काका म्हणाले. “ही मी कापली. ती समोर लाव.”

सलीमभाईंनी पट्टे सोडवले, तुळई फिरवून घेतली आणि पुन्हा बांधायला लावले. मी काकीकडे बघितलं तर ती पदराने डोळे पुसत होती, आणि माझेही भरून आले होते हे कशाला लपवू.

क्रेनचा दोर ताणला गेला. तुळई जमिनीवरून सुटली आणि घोटाभर उंचीवर डुलत राहिली. काका पुढे झाले, गावासमोर, सगळ्यांच्या देखत, आणि उजवा हात उंच करून क्रेनवाल्याला खूण करायला लागले. हात डावीकडे जायचा, उजवीकडे जायचा, डावीकडे जायचा. क्रेनवाला भैया गोंधळला. त्याने काचेतून डोकं बाहेर काढलं.

“चाचा, लेफ्ट की राइट?”

“उप्पर,” काका म्हणाले. हात त्यांनी खाली घेतला नाही. “उप्पर ले.”